पांढरं वजन

पांढरा, दुधाळ, कडांशी किंचित पारदर्शक होत गेलेला एखादा दगड जमिनीवरून उचलताना हातानं आपल्याशी एक अंदाज बांधलेला असतो. असे किती दगड आपण लहानपणापासून उचललेले असतात, नदीच्या कोरड्या पात्रातले, शेताच्या बांधावरचे, देवळामागच्या मुरमातले. त्या साऱ्यांचं वजन कुठेतरी बोटांत मुरून राहिलेलं असतं आणि बोटं त्याच हिशेबानं जोर लावतात. बराइटच्या बाबतीत तो जोर अपुरा पडतो. मनगट किंचित खाली जातं, कोपरात हलका झोल येतो, आणि मग हात सावरून पुन्हा वर येतो. एवढंच घडतं. पण निमिषभराचं ते खाली जाणं मला अजून जुनं झालेलं नाही. झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना जागेपणीपेक्षा जड लागतं ना, तसं काहीसं. आपल्यावर पुरतं विसंबलेलं वजन.

डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. शिसं जड असणार हे त्याच्या करड्या रंगावरूनच पटतं, लोखंडाचं वजन त्याच्या गंजातही कळतं. पांढरं म्हटलं की मात्र आपण ते हलकं धरून चालतो. कापूस पांढरा, फेस पांढरा, दुधावरची साय पांढरी. त्याच पांढऱ्यात पाण्याच्या साडेचार पट वजन निमूट बसलेलं असेल, असं कुणाच्या मनात यावं?

माझ्या हाताला ते पहिल्यांदा कळलं चंद्रपूरला, मामाच्या घराच्या ओसरीत. मामा भूगर्भ सर्वेक्षणातला माणूस. वर्षातले कितीतरी महिने त्याचे जंगलात, तंबूत जायचे, आणि घरी आला की त्याच्या खाकी पिशवीतून आधी दगड निघायचे, मग कपडे. त्या दुपारी त्यानं मला समोर बसवलं. "डोळे मीट बरं. हात समोर कर." एका तळव्यावर त्यानं एक दगड ठेवला, दुसऱ्यावर दुसरा. मी लगेच उत्तर द्यायला निघाले तर म्हणाला, "घाई नको करू ना बाई. हाताला विचार आधी." मी हाताला विचारत बसले. बाहेर चंद्रपूरचं ऊन, ओसरीत ओल्या वाळ्याचा वास, आणि डाव्या हातात हळूहळू साचत जाणारा तो भार. डोळे उघडले तेव्हा दोन्ही दगड पांढरेच होते, जवळजवळ एकाच आकाराचे. उजवीकडे गार होती, आमच्या ओळखीची गारगोटी, अंधारात एकीवर एक घासली की आत पिवळसर उजेड चमकून जातो आणि जळका वास सुटतो ती. डावीकडे बराइट. त्याच जिल्ह्यातल्या जंगलात, खडक चिरत गेलेल्या एका शिरेतून काढून आणलेला. "दोघं एकाच घरात राहतात," मामा शेजाऱ्यांची ओळख करून देण्याच्या सुरात म्हणाला, "पण स्वभाव एकमेकांचा नाही."

मग त्यानं ते स्वभाव दाखवले. गारेनं काचेवर ओरखडा उठवला. बराइटला तो जमला नाही. उलट त्याच्यावरच खिळ्याची रेघ उमटली. छिन्नीचा टोला बसताच गार वेडीवाकडी, काचेसारखी फुटली, आणि बराइट मात्र सपाट, गुळगुळीत पापुद्र्यांत सुटत गेला. प्रत्येक पापुद्र्यावर मोत्याचं पाणी. जड होता, पण कठीण नव्हता. जड माणसं कठीणच असतात असं नाही, हे मला फार पुढे कळायचं होतं.

आता लेक जर्मनीत, फ्रायबुर्गला शिकते. तिच्याकडे गेले की आमचं एक ठरलेलं असतं, एका दिवसाची सुटी काढून ती मला दगडांकडे नेते. ऑफेनबुर्गवरून गाडी वळते आणि किन्झिग नदीच्या खोऱ्यात शिरते. दोन्ही बाजूंनी स्प्रूसचं गर्द, काळसर हिरवं अरण्य उतरत उतरत रुळांपाशी येतं, उतरत्या छपरांची मोठाली लाकडी घरं कुरणांत बसलेली दिसतात, आणि हाउसाखला गाडी बदलून आपण वोल्फाखला उतरतो. इथे वोल्फ नदी येऊन किन्झिगला मिळते. गाव लहान, स्वच्छ, झोपाळू. मे महिना असेल तर कुरणं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात आणि हवेत कापलेल्या गवताचा वास. या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांत एके काळी चांदीच्या, शिशाच्या, कोबाल्टच्या खाणींची गजबज होती. त्या एकेक करून मिटल्या. वरच्या अंगाला, ओबरवोल्फाखच्या रांकाख खोऱ्यात, क्लारा मात्र चालू राहिली. १८५० पासून तिथे बराइट काढतात, पुढे त्याच्या जोडीनं फ्ल्युओराइटही.

खाणीच्या पोटात आपल्याला जाता येत नाही. तिथला माल खाली वोल्फाखच्या कारखान्यात येतो, आणि त्याच्या शेजारी एक दगडांचा ढीग असतो, जिथे थोडे पैसे भरून कुणीही हातोडी, बादली, चाळणी घेऊन बसावं. किती तऱ्हेची माणसं बसलेली असतात! गुडघ्यांना चामड्याचे तुकडे बांधलेली म्हातारी माणसं, लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप, गळ्यात भिंग अडकवलेली एकटी तरुण मुलं. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. हातोड्यांचा टणत्कार तेवढा सतत येत राहतो. त्यातही कान सरावला की गारेवर पडलेला घाव कुठला आणि बराइटवर पडलेला कुठला हे कळायला लागतं. गारेचा टणक, वर उडणारा. बराइटचा बसका, आत मुरणारा. रात्री पाऊस झालेला असेल तर ढिगातून एक गार ओला वास येतो, उजेड कधी न पाहिलेल्या दगडांचा. आणि मी, इतक्या दूर येऊन, एकेक पांढरा तुकडा उचलते आणि डोळे मिटते.

शीर म्हणजे मुळात काय, तर एक भेग. डोंगराच्या पोटात नाइसचा जुना, पट्टेदार, कणखर खडक. पृथ्वीच्या हालचालीत तो ताणला गेला आणि उभा चिरला. त्या चिरेत खालून पाणी चढू लागलं, ऊन पाणी, खारट पाणी, खोल खडकांमधून वाट काढताना त्यांच्यातलं बेरियम सोबत घेऊन आलेलं. वरून दुसरं पाणी उतरत होतं, त्याच्यापाशी सल्फेट होतं. दोन्ही आपापल्या जागी अगदी नितळ. कुणी हातात घेऊन बघितलं असतं तर दोन्हींत काही दिसलं नसतं. पण त्या अंधाऱ्या चिरेत ती एकमेकांना भेटली आणि भेटल्याबरोबर दोघांनाही आपलं आपलं ओझं पाण्यात ठेवून पुढे जाता येईना. बेरियम आणि सल्फेट एकत्र आले की त्यांना विरघळून राहताच येत नाही. ते खाली बसतात, घट्ट होतात, पांढरे होतात. बराइट होतात. मला या दोन पाण्यांचा फार लळा आहे. खालून येणारं उष्ण आणि वरून येणारं गार, दोघंही वाहतं असलेलं, आणि जिथे त्यांची गाठ पडली तिथे हे एवढं न वाहणारं वजन उरलेलं. पाणी तर केव्हाच निघून गेलं.

आणि हे एकदाच झालेलं नाही. भेग भरून यायची, डोंगर पुन्हा हलायचा, भरलेली भेग पुन्हा उकलायची, नवं पाणी यायचं. कधी त्या पाण्यातून फ्ल्युओराइटचे घन बसले, रंगहीन, निळसर, मधासारखे पिवळे, जांभळे. कधी निवत जाणाऱ्या पाण्यानं सिलिका सोडली आणि शिरेच्या आतून गारेचं अस्तर चढलं. मधूनच शिशाचं गॅलेना, तांब्याचं कॅल्कोपायराइट, अँटिमनी-तांब्याचं करडं टेट्राहेड्राइट येऊन बसलं. ढिगातला एखादा मोठा तुकडा पाण्यानं धुतला की हे सगळे पट्टे एकाशेजारी एक दिसतात: पांढरा, जांभळा, पुन्हा पांढरा, राखाडी, मग अर्धपारदर्शक गार. कोट्यवधी वर्षांतल्या उकलण्याच्या आणि भरून येण्याच्या या खुणा बोटाच्या एका पेरात मावतात. पुन्हा पुन्हा त्याच जागी चिरणं, आणि दर वेळी वेगळ्याच कशानं तरी भरून येणं. किती ओळखीचं वाटतं हे.

जिथे भेग पुरती भरली नाही तिथे पोकळी राहिली, आणि स्फटिक जे काही देखणे झाले ते त्या पोकळीत. दाटीवाटीनं भरलेल्या जागी बराइट नुसता पांढरा गोळा असतो. मोकळी जागा मिळाली की त्याच्या पातळ, चौकोनी पाट्या होतात, एकमेकींना टेकून उभ्या राहतात, कधी वळत वळत त्यांचा कोंबड्याचा तुरा होतो. त्या पाट्यांच्या कडेला बोट लावून बघितलं तर सुरीची धार जाणवते. गारेचे षट्कोनी टोकदार सुळके त्यांच्या पायाशी उगवलेले असतात, तांदळाच्या दाण्याएवढे, इतके स्वच्छ की उन्हात धरले की तळव्यावर रंग सांडतात.

एकदा शेजारच्या खड्ड्यात बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हातातला तुकडा माझ्यापुढे धरला आणि गळ्यातलं भिंग काढून दिलं. भाषेची अडचण होती. लेक थोडी लांब होती. त्यांनी बोटानं दाखवलं, गारेच्या एका छिद्रात, जिथे मला नुसता हिरवट डाग दिसत होता तिथे. भिंग डोळ्याला लावलं, आणि अरेच्चा! आत एक बाग होती. केसाहून बारीक हिरव्या सुयांचे गुच्छ, त्यांच्यामागे मॅलाकाइटचा मखमली गोळा, अ‍ॅझुराइटचा एकच गडद निळा ठिपका, आणि पिवळ्या मिमेटाइटच्या इवल्या पिंपांची रांग. श्वास जोरात सोडला तर विस्कटेल की काय असं वाटून मी श्वास धरला.

क्लाराची खरी कीर्ती या बागांची आहे. तिथून चारशेहून अधिक खनिजं ओळखली गेली आहेत; एका खाणीत इतकी जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. त्यांतली काही तर जगाला पहिल्यांदा इथेच दिसली. स्टुटगार्टचे प्राध्यापक कुर्ट वालेंटा यांनी या डोंगरातले असे किती कण सुईच्या टोकावर घेऊन ओळखीला आणले. खाणीच्या नावावरून क्लाराइट, १९८२ मधलं, निळसर हिरवं. खोऱ्याच्या नावावरून रांकाखाइट. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि अँटिमनी एकत्र आलेलं क्यूअल्स्टिबाइट. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा कणासाठी एखाद्यानं वर्षानुवर्षं भिंगावर वाकून राहावं, त्याच्या अणूंची मांडणी समजून घ्यावी, त्याला नाव द्यावं, हे मला कुठल्याही मोठ्या पराक्रमाइतकं मोठं वाटतं. त्या माणसांविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

आणि ही बाग उगवते कशातून? झिजण्यातून. शिरेतलं करडं टेट्राहेड्राइट, चकचकीत गॅलेना, ही सगळी अंधारात, हवेपासून लांब तयार झालेली. डोंगर झिजत गेला, शिरेचा माथा पृष्ठभागाजवळ आला, पावसाचं पाणी आणि त्याच्यासोबत हवा आत झिरपू लागली, तेव्हा ती जुनी खनिजं तिथे टिकेनात. ती कुजली म्हणावं का? दगडाला कुजणं म्हणत नाहीत, पण दुसरा शब्दही सुचत नाही. त्यांच्यातलं तांबं सुटलं, शिसं सुटलं, आर्सेनिक सुटलं, आणि ते सगळं पाण्याच्या एकेका थेंबातून गारेच्या छिद्रांत जाऊन पुन्हा नव्यानं जमलं. हिरवं झालं, निळं झालं, पिवळं झालं. तरुणपणी ते नुसतंच करडं होतं. रंग सगळे नंतरचे.

मामाच्या उतारवयाचे दिवस मला इथे आठवतात. ज्याच्या तोंडून कामाच्या गोष्टींपलीकडे शब्द निघत नसे, तो माणूस निवृत्तीनंतर गोष्टी सांगू लागला. चंद्रपूरच्या उन्हाळी रात्री, वीज गेलेली, गच्चीवर अंथरुणं घातलेली, आणि मामा बोलतोय. बोलोन्याच्या चांभाराची गोष्ट तर त्यानं किती वेळा सांगितली असेल! इटलीतल्या बोलोन्या शहरात, सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, विन्चेंझो काशारोलो नावाचा एक चांभार होता. जोडे शिवून झाले की किमयेच्या नादात भट्टी पेटवायचा. मोंते पादेर्नो नावाच्या टेकडीवर त्याला अनपेक्षित जड असे पांढरट दगड सापडले. एवढं वजन आहे म्हणजे आत चांदीसोनं असणार, या आशेनं त्यानं ते कोळशाबरोबर भाजले. सोनं निघालं नाही. पण दिवसा उन्हात ठेवलेला तो भाजका दगड रात्री अंधारात स्वतःच्या उजेडानं लालसर धुमसत राहिला, ऊन पिऊन घेतलेलं हळूहळू परत देत. सारा युरोप त्या दगडामागे वेडा झाला. "बराइटच होता तो," मामा सांगायचा, आणि मग बराच वेळ काही बोलायचा नाही. वर तारे. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी विंझणवारा घेतंय. मी पाठीवर पडून त्या चांभाराच्या हातांचा विचार करायची. सोन्याची आशा त्याला वजनानंच लावली होती.

संग्रहालयात काचेआड ठेवलेला बराइट मला म्हणूनच अर्धा वाटतो. ओबरवोल्फाखला सुंदर संग्रहालय आहे, खनिजं आणि गणित एकत्र मांडलेलं, कारण तिथल्या डोंगरउतारावर १९४४ साली स्थापन झालेली जगप्रसिद्ध गणितसंस्था आहे आणि स्फटिकांच्या सममितीत दोघांचीही गाठ पडते. क्लाराचे बराइट तिथे पांढऱ्या दिव्यांखाली ठेवले आहेत, एकाहून एक देखणे. मी काचेपाशी उभी राहते आणि माझा हात आपोआप उताणा होतो. निदान एक दगड तरी कुणालाही उचलता येईल असा दारात ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. दिसण्यावर थांबायचं असेल तर बराइट आणि गार यांत फरक तो किती.

मामाला पोटाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी बेरियमची तपासणी सांगितली. मी त्याच्यासोबत होते. पांढऱ्या घट्ट द्रवानं भरलेला ग्लास परिचारिकेनं त्याच्या हातात दिला, आणि मला स्पष्ट दिसलं, मामाचा हात निमिषभर खाली गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्यावर माणसाच्या डोळ्यांत जे येतं ते त्याच्या डोळ्यांत आलं. "जन्मभर हातात धरला, आता पोटात चालला," तो म्हणाला आणि एका दमात प्यायला. खडूसारखी चव लागते म्हणतात. बेरियमचा अणू जड, क्ष-किरणांना तो अडवतो, म्हणून ते पांढरं ज्या वाटेनं उतरतं ती वाट फिल्मवर उमटते. बेरियमची पाण्यात विरघळणारी लवणं विषारी असतात. बेरियम सल्फेट मात्र विरघळतच नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच, म्हणून ते आलं तसं शरीरातून निघून जातं. त्या न विरघळण्यावरच सगळा भरवसा. क्ष-किरणांच्या खोल्यांच्या भिंतींनाही कित्येक ठिकाणी बराइटचा गिलावा करतात. मी बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. दाराच्या आत मामा, मामाच्या आत ते पांढरं वजन.

नंतर काचेच्या पेटीवर डॉक्टरांनी फिल्म लावली. काळ्यावर एक पांढरी वाट उतरत गेलेली, खालच्या अंगाला एकाएकी अरुंद झालेली. डॉक्टर काय सांगत होते ते मी ऐकत होते की नाही आठवत नाही. ती पांढरी वाट आठवते. खडक चिरत गेलेली शीर नकाशावर मामा अशीच काढायचा.

पुढचे महिने मी इथे मांडत नाही. ज्यांनी आपलं माणूस असं झिजताना पाहिलंय त्यांना ते माहीत आहेत. फक्त एवढं सांगते की शेवटी शेवटी त्याला कुशीवर वळवताना मी ताकद लावायची आणि ती उरायची. हात तयार असायचा पूर्वीच्या वजनासाठी, आणि ते वजन तिथे नसायचं. हात वर यायचा. रिकाम्यानं वर यायचा. ते कुणाला सांगताही येत नाही.

हे सगळं मी कुठेतरी खोल ठेवून दिलं होतं. आणि मग वोल्फाखच्या ढिगावर, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी, मला पाट्यांचा एक सुंदर गुच्छ दिसला. एकमेकींना टेकलेल्या पातळ चौकोनी पाट्या, तुऱ्यासारख्या वळलेल्या. लांबूनच ओळखू यावा असा बराइट. मी वाकले, नेहमीच्या सवयीनं बोटांनी नेहमीपेक्षा जास्त जोर घेतला, आणि उचलला.

हात वर आला.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. लेक विचारत होती, "आई, काय झालं? लागलं का?" लागलं नव्हतं. दगड हलका होता. आकार बराइटचा, प्रत्येक कड, प्रत्येक कोन बराइटचा. पण अंगाला हात लावला तर खरखरीत, बारीक सुळक्यांचा लेप. गार होती ती. आधी बराइटच्या पाट्या उभ्या राहिल्या असणार, मग सिलिकेच्या पाण्यानं त्यांच्यावर गारेचं पातळ कवच चढवलं, आणि त्यानंतर केव्हातरी, फार फार सावकाश, आतला बराइट विरघळून निघून गेला. तोच बराइट, ज्याच्या न विरघळण्यावर ग्लासातला भरवसा उभा असतो. जमिनीखालच्या पाण्याला पुरेसा वेळ मिळाला तर तेही त्याला घेऊन जातं. कवच राहतं. फुटलेल्या कडेतून आत बघितलं तर पाटीच्या जागी पाटीएवढी पोकळी होती, आतल्या भिंतीवर बराइटच्या पृष्ठभागाची बारीकसारीक रेघही उमटलेली. श्वार्त्सवाल्डच्या शिरांमध्ये असे तुकडे पुष्कळ मिळतात. अभ्यासकांना त्यात नवल नाही. मला होतं. जो गेला त्याचा आकार दुसऱ्या कुणीतरी इतक्या निष्ठेनं धरून ठेवलाय, आणि स्वतःचं वजन, स्वतःचा कणखरपणा घेऊन धरून ठेवलाय. गार बराइट झाली नव्हती. तिनं त्याचं वजन घेतल्याचा आव आणला नव्हता. काच तिनं अजूनही ओरखडली असती. तिनं फक्त त्याच्याभोवती उभं राहायचं सोडलं नाही.

मी त्या दिवशी खूप रडले. लेक जवळ येऊन बसली. तिला मामाआजोबा पुसटच आठवतात, पण तिनं काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. शेजारचे लोक आपापल्या चाळण्या हलवत राहिले. दगडांच्या जागी रडण्याचा एक फायदा असतो, कुणी घाईनं गप्प करायला येत नाही.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर मामीला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होत आली होती. ती गच्चीवरून वाळवण गोळा करत होती. मे महिना म्हणजे चंद्रपूरला कुरडयांचे, सांडग्यांचे दिवस, आणि चार वाजल्यानंतर सुटणारा तो धुळीचा वारा. मामाचे बाकी सगळे दगड तिनं तिथल्या एका महाविद्यालयाला देऊन टाकले, खोक्यांवर मामाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या तशाच ठेवून. तो एक बराइट मात्र ठेवून घेतला. वाळवणाच्या प्लास्टिकच्या एका कोपऱ्यावर तो असतो. बाकीच्या तीन कोपऱ्यांना ती विटा ठेवते, आणि वारा जोराचा असला की विटा सरकतात, तो सरकत नाही. त्याच्या कडा आता गोल झाल्या आहेत, मोत्याचं पाणी गेलंय, एका बाजूला सांडग्यांची हळद बसलीय.

मी तिला हलक्या दगडाचं सांगायला लागले. कवच, पोकळी, आत उरलेल्या रेघा. ती ऐकत होती. मध्येच तिकडून कागद फडफडल्याचा आवाज आला, ती फोन बाजूला ठेवून धावली, परत आली तेव्हा तिला थोडी धाप लागली होती.

"तो हलका तुझ्यापाशी ठेव," मामी म्हणाली. "मला येताना एक जड आण. बाकीच्या तीन कोपऱ्यांची फार पंचाईत होते गं."

"एक आणू की तीन?"

"विमानात चालतात का एवढे?"

लेकीनं बॅगेच्या वजनाचा हिशेब सांगितला; आईचे दोन स्वेटर इथेच राहिले तर तीनही जातील म्हणाली. मग आम्ही दोघी उठलो आणि संध्याकाळपर्यंत ढिगावर फिरलो. स्फटिक बघितले नाहीत, भिंग खिशातच राहिलं, हिरव्या-निळ्या ठिपक्यांकडे त्या दिवशी मी वळूनही पाहिलं नाही. नुसते पांढरे, ओबडधोबड, कुणी बाजूला टाकलेले गोळे एकेक करून उचलत होतो. लेकीला मी सांगितलं, "डोळे मीट. घाई नको करू. हाताला विचार आधी." तिनं मिटले. दोन बाजूला ठेवले, तिसरा उचलला, आणि तिचा हात खाली गेला तशी ती हसली, "आई, हा!"

तो घेतला. अजून दोन शोधायचे होते.